आदामाची फासळी आणि आंद्रेयास व्हेसेलियस

पुरुषाच्या एका कुशीत स्त्रीपेक्षा एक बरगडी कमी असते, असे आपण कधी ना कधी ऐकले असेलच. कोणी ते शब्बाथ शाळेत ऐकले असेल, कोणी आजीच्या तोंडून, तर कोणी एखाद्या उत्साही उपदेशकाकडून. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातील वृत्तान्ताचा हा जणू शरीरात कोरलेला पुरावा, अशा समजुतीने ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. मात्र ती खरी नाही. पुरुष असो वा स्त्री, साधारणपणे प्रत्येकाला दोन्ही बाजूंस बारा-बारा अशा चोवीस बरगड्या असतात. ज्याला शंका असेल त्याने स्वतःच्या अंगावर बोटे फिरवून पाहावे, असेही सांगता येत नाही, कारण खालच्या दोन जोड्या पुढे कोठेच जोडलेल्या नसतात आणि बोटांना सहज लागत नाहीत. म्हणूनच की काय, ही समजूत इतकी शतके टिकून राहिली.

ज्याने हाडे प्रत्यक्ष हातात घेऊन मोजली आणि छापील ग्रंथात निःसंदिग्ध शब्दांत ही समजूत खोडून काढली, त्या मनुष्याची ओळख आज आपल्याला करून घ्यायची आहे.

आंद्रेयास व्हेसेलियस याचा जन्म ३१ डिसेंबर १५१४ रोजी ब्रुसेल्स नगरात झाला. घराणे वैद्यांचे होते. वडील सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पदरी औषधे तयार करीत. वैद्यकीची हस्तलिखिते घरात पिढीजात चालत आलेली होती. लूव्हेनच्या विद्यापीठात लॅटिन व ग्रीकचा पाया घालून तो १५३३ साली पॅरिसला वैद्यक शिकण्यास गेला.

पॅरिसची ती वर्षे, वाचकहो, आपण जरा डोळ्यांपुढे आणा. त्याच नगरात त्या वेळी फ्रान्सिस झेवियर शिकत व शिकवत होता. १५३४ च्या ऑगस्टमध्ये त्याने इग्नेशियस लोयोला व इतर सोबत्यांसह मोंमार्त्रच्या टेकडीवर व्रत घेतले, आणि पुढे तो गोव्यास आला. तरुण जॉन कॅल्व्हिनला १५३३ च्या अखेरीस त्याच नगरातून पळ काढावा लागला. सगळीकडे एकच प्रश्न धुमसत होता: परंपरेने आपल्या हाती दिलेले वचन प्रमाण मानायचे, की मुळाशी जाऊन स्वतः पाहायचे?

वैद्यकशास्त्रात ही परंपरा म्हणजे गेलन. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात ज्या पर्गम येथील मंडळीला पत्र आहे, त्याच पर्गम नगरात इ.स. १२९ च्या सुमारास गेलनचा जन्म झाला. तो थोर वैद्य होता, यात शंका नाही. परंतु त्याच्या काळी रोममध्ये मानवी शवाचे विच्छेदन करता येत नसे. म्हणून त्याने माकडे, डुकरे, बैल असे प्राणी कापून पाहिले आणि त्यांच्यात जे आढळले ते बहुतांशी मनुष्यालाही लागू केले. मनुष्याची हाडे त्याने क्वचितच पाहिली. डोंगरातील वाटेवर पडलेला, पक्ष्यांनी मांस खाऊन स्वच्छ केलेला एका दरोडेखोराचा सांगाडा पाहायला मिळाला, याचे त्याने मोठ्या अगत्याने वर्णन केले आहे. पुढे तेराशे वर्षे त्याचे ग्रंथ ग्रीकमधून अरबीत, अरबीतून लॅटिनमध्ये जात राहिले आणि वैद्यकाच्या शाळांत त्यांना जवळजवळ शास्त्रवचनाचा मान मिळाला.

पॅरिसमधील अध्यापक गेलनच वाचून दाखवीत. प्राध्यापक उच्चासनावरून ग्रंथ वाची, न्हावी शव कापी, आणि विद्यार्थी लांबून पाहत. हाडे तर शिकवणीत नसल्यातच जमा होती. व्हेसेलियसने ती दुसरीकडे शोधली. पॅरिसमध्ये निरपराध बालकांच्या नावाचे एक जुने कब्रस्तान होते. तेथे जुन्या कबरींतून निघालेल्या हाडांचे ढीग रचलेले असत. तासन्‌तास तो व त्याचे सोबती त्या ढिगांपाशी बसत. पुढे तर ते डोळे बांधून, केवळ स्पर्शाने, हातात आलेले हाड कोणते हे ओळखण्याच्या पैजा लावू लागले. ज्याने डोळे मिटून मणक्यामागून मणका असा ओळखला, त्याच्या हाताला ग्रंथातील मणका आणि खरा मणका यांतील फरक पुढे जाणवणारच होता.

१५३६ मध्ये फ्रान्स व सम्राट यांच्यात युद्ध पेटले आणि त्याला लूव्हेनला परतावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रुसेल्सजवळच्या व्हिल्वोर्ड गावी विल्यम टिंडेल याला गळा आवळून मारले व त्याचा देह जाळला. त्याची चौकशी करणाऱ्यांत लूव्हेनचे धर्मपंडित होते. मूळ ग्रीक व हिब्रू समोर ठेवून पवित्र शास्त्र इंग्रजीत आणणारा तो मनुष्य, आणि त्याच परिसरात फाशीच्या जागी हाडे शोधत फिरणारा हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी. दोघांची कधी भेट झाली असेल असे मला म्हणायचे नाही. तरी भाषांतराच्या कामात आयुष्य घालवणाऱ्या माझ्यासारख्याला या दोन नावांचे इतके जवळ येणे नजरेआड करता येत नाही.

लूव्हेनच्या वेशीबाहेर गुन्हेगारांचे देह टांगून ठेवीत. तेथे गणितज्ञ व वैद्य गेमा फ्रिसियस याच्याबरोबर फिरताना व्हेसेलियसला एक अखंड सांगाडा दिसला. पक्ष्यांनी मांस खाल्ले होते, केवळ बंधांनी हाडे एकमेकांस धरून राहिली होती. गेलनच्या दरोडेखोरासारखाच हा प्रकार! त्याने हातपाय तोडून घरी नेले, मग रात्री परत जाऊन, साखळीने बांधलेले धड खांबावर चढून काढले, आणि थोडे थोडे करून सारे शहरात आणले. ते उकळून, स्वच्छ करून त्याने उभे केले. काही लहान हाडे कमी होती, ती पुढे मिळवली. आणि विचारणाऱ्यांना सांगितले की सांगाडा पॅरिसहून आणला आहे!

येथे आपण क्षणभर थांबू या. त्या काळच्या शरीरशास्त्राचा इतिहास अशा चोऱ्यांनी भरलेला आहे आणि व्हेसेलियसने त्या लपवल्या नाहीत. पादुआच्या विद्यार्थ्यांनी नुकत्याच पुरलेल्या एका स्त्रीचे शव कबरीतून काढले व नातलगांनी ओळखू नये म्हणून तिची कातडी सोलली, ही हकीकत त्याच्याच ग्रंथात आहे. त्या ग्रंथातील काही प्रकरणांच्या आरंभीच्या अक्षरांत तर कबरी उकरणारी गुबगुबीत बालके कोरलेली आहेत. ती हाडे देवाच्या प्रतिरूपात घडवलेल्या माणसांचीच होती, आणि त्यांची संमती कोणी विचारली नव्हती. आज आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत स्वेच्छेने देहदान करणाऱ्यांच्या शवांवर विद्यार्थी शिकतात, त्या ज्ञानाच्या मुळाशी ही काळी बाजूही आहे. थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना ती झाकून ठेवण्याची आपली सवय मला पटत नाही. पवित्र शास्त्र दाविदाचीही झाकून ठेवीत नाही.

५ डिसेंबर १५३७ रोजी पादुआ विद्यापीठाने त्याला वैद्यकाची पदवी दिली आणि दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया व शरीररचना शिकवण्यास नेमले. वय तेवीसही पूर्ण नव्हते. पहिली गोष्ट त्याने ही केली की उच्चासनावरून उतरून सुरी स्वतःच्या हाती घेतली. १५३८ मध्ये त्याने सहा मोठी चित्रपत्रके छापली. त्यांतील तीन सांगाड्याची असून ती टिशियनच्या परंपरेतील यान स्टेफान फान काल्कार याने काढली होती. त्या चित्रांत व्हेसेलियस अजून गेलनच्याच डोळ्यांनी पाहत होता, हे ध्यानात घ्या. छातीच्या मध्यभागीचे हाड तेथे गेलनने सांगितल्याप्रमाणे सात तुकड्यांचे आहे.

मग हा बदल झाला कसा? गेलनचा तिरस्कार करून झाला नाही, तर गेलनचा मजकूर बारकाईने वाचून झाला. व्हेनिसच्या ज्युंता मुद्रणालयात १५४१ च्या सुमारास गेलनचे समग्र ग्रंथ लॅटिनमध्ये नव्याने छापले जात होते. त्यांतील काही भाषांतरे सुधारण्याचे काम व्हेसेलियसकडे आले. एका बाजूस ग्रीक मजकूर, दुसऱ्या बाजूस टेबलावर हाडे. जो मजकूर तो शब्दशः तपासत होता, तो मनुष्याच्या हाडांशी जुळेना. १५४० च्या जानेवारीत बोलोन्या येथे त्याने मनुष्याचा व वानराचा असे दोन सांगाडे शेजारी उभे करून दाखवले. कमरेच्या मणक्यांवरील जो उंचवटा गेलनने मनुष्याच्या नावे वर्णिला होता, तो वानराच्या मणक्यांवर होता आणि मनुष्याच्या मणक्यांवर नव्हता. कोडे उलगडले. गेलन खोटे बोलला नव्हता. त्याने जे पाहिले तेच लिहिले होते, मात्र त्याने मनुष्य पाहिला नव्हता.

जून १५४३ मध्ये बासेल येथे योहानेस ओपोरिनुस याच्या मुद्रणालयातून मानवी देहाच्या रचनेवरील त्याचा सात भागांचा भव्य ग्रंथ बाहेर पडला. व्हेसेलियस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. चित्रांचे लाकडी ठसे आल्प्स पर्वत ओलांडून बासेलला पाठवण्यात आले होते. कोपर्निकसचा ग्रहांच्या भ्रमणावरील ग्रंथही त्याच वर्षीचा. आणि ज्या ओपोरिनुसने हाडांची ही चित्रे छापली, त्यानेच १५५१ मध्ये सेबास्टियन कास्तेल्यो याने केलेले लॅटिन बायबलही छापले.

पहिला भाग सर्वस्वी हाडे व कूर्चा यांवर आहे. घराला जशा भिंती व तुळया, तंबूला जसे खांब, जहाजाला जसा तळाचा कणा आणि त्याच्या फासळ्या, तशी देहाला हाडे, असे तो आरंभीच समजावतो. आधी हाडे का, तर सारे मांस, शिरा, नसा ज्यावर तोललेले आहेत तेच प्रथम कळले पाहिजे म्हणून. खालचा जबडा मनुष्यात एकच अखंड हाड आहे. गेलनने सांगितलेले दोन तुकडे इतर प्राण्यांत आढळतात. छातीच्या मध्यभागीच्या हाडाचे भाग सात नव्हेत, तीन. आणि त्या भागातील पूर्ण पानाचे तीन सांगाडे पाहावेत असेच आहेत. एक फावड्यावर रेलून आकाशाकडे पाहतो, दुसरा थडग्यावर हात टेकून एका कवटीकडे पाहत विचारात बुडाला आहे, तिसरा पाठमोरा असून शोक करीत आहे. रचना शिकवणारी चित्रे आहेत ही, तरी मरणाचा विसर पडू देत नाहीत.

हाडांची नावे त्याने ग्रीक व लॅटिनबरोबर हिब्रू व अरबीतही दिली. यासाठी त्याने लाझारुस दे फ्रिगेइस नावाच्या आपल्या यहूदी वैद्य मित्राचे साहाय्य घेतले आणि ते उघडपणे नोंदवले. ज्या काळात युरोपातील अनेक नगरांतून यहूदी लोकांना हाकलले जात होते, त्या काळात एका ख्रिस्ती विद्वानाने यहूदी मित्राचे ऋण छापून मान्य केले, ही लहान गोष्ट नव्हे.

आता आपण आरंभीच्या बरगडीकडे येऊ. पुरुषाला एक बरगडी कमी असते ही समजूत व्हेसेलियसने हास्यास्पद ठरवली. परंतु मोशेच्या वृत्तान्ताचा त्याने उपहास केला नाही. त्याचा मुद्दा साधा होता. आदामाची एक फासळी काढली गेली, आणि म्हणून त्याच्या सांगाड्यात कदाचित एक कमी असती, असे धरले तरी त्याच्या वंशजांतही ती कमी असावी, असे त्यातून मुळीच निघत नाही. आपल्या शेतकऱ्यालाही हे कळते. यंत्रात हात गमावलेल्या बापाची मुले दोन्ही हातांनिशी जन्मतात. ज्यांनी बरगड्या मोजून देवाचे वचन सिद्ध करू पाहिले, त्यांनी वचनाला असा टेकू दिला जो त्याने कधी मागितलाच नव्हता. आणि तो टेकू खोटा निघाल्यावर किती तरुण मनांनी वचनही सोडून दिले असेल, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

हिब्रू भाषेचीही येथे एक साक्ष आहे. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात ‘फासळी’ हा शब्द आला आहे, त्याच्या मुळाशी ‘त्सेला’ हा हिब्रू शब्द आहे. हाच शब्द निर्गमच्या पंचविसाव्या अध्यायात कराराच्या कोशाच्या बाजूसाठी येतो, निवासमंडपाच्या बाजूसाठी येतो, आणि १ राजे सहाव्या अध्यायात शलमोनाच्या मंदिराच्या कडेच्या खोल्यांसाठी येतो. बाजू, कूस, पार्श्व असा त्याचा विस्तार आहे. म्हणून काही भाष्यकार उत्पत्तीतही ‘कूस’ असा अर्थ सुचवतात. ‘फासळी’ चूक आहे असे मी म्हणत नाही. बरगड्या मोजणाऱ्याच्या कल्पनेपेक्षा तो शब्द पुष्कळ मोठा आहे, इतकेच.

दुसरी एक दंतकथा होती ‘लूझ’ नावाच्या हाडाची. मनुष्याच्या देहात एक लहानसे हाड असे आहे की जे जात्यात दळले जात नाही, अग्नीत जळत नाही, पाण्यात विरघळत नाही, आणि पुनरुत्थानाच्या दिवशी त्या बीजापासून देव सारा देह उभा करील, असे रब्बींच्या परंपरेत सांगत. ख्रिस्ती व अरब लेखकांतही ही कथा पोहोचली होती. कोणी ते पाठीच्या कण्यात मानी, कोणी पायाच्या अंगठ्यापाशी. व्हेसेलियसने अंगठ्याखालचे ते हाड पाहिले. इतर हाडांप्रमाणे तेही फुटते, जळते. पुनरुत्थान कसे होईल हा वाद त्याने धर्मपंडितांवर सोपवला. यहेज्केलाच्या सदतिसाव्या अध्यायातील खोऱ्यात हाडे अत्यंत शुष्क होती आणि त्यांत जीवनाचे बीज उरलेले नव्हते, हे मात्र आपण तेथे वाचतो.

विरोध लगेच आला. सर्वांत कडवट विरोध पॅरिसच्या त्याच्या गुरूचा, याकोबुस सिल्व्हियस याचा. १५५१ मध्ये त्याने एक पुस्तिकाच काढली आणि शिष्याच्या नावावर कोटी करून त्याला वेडा म्हटले. गेलन चुकणे शक्यच नाही, गेलनच्या काळापासून मनुष्याचे शरीरच बदलले असले पाहिजे, असा त्याचा पवित्रा होता. गेलनने मांडीचे हाड वाकडे सांगितले आणि आता ते सरळ दिसते, याचे कारण लोक घट्ट विजारी घालू लागले, असे तो म्हणे अशी आख्यायिका आहे. आपण हसतो, पण आपल्या मंडळ्यांतही असे सिल्व्हियस मी पाहिले आहेत. मूळ मजकूर समोर ठेवला तरी जुन्या आवृत्तीतील छपाईची चूकही त्यांना सोडवत नाही.

टीकेने म्हणा किंवा पुढील नोकरीच्या ओढीने म्हणा, व्हेसेलियसने पादुआ सोडताना आपली कित्येक टिपणे जाळून टाकली, याची खंत त्याने पुढे १५४६ च्या एका दीर्घ पत्रात व्यक्त केली. ते पत्र वास्तविक चोपचिनी या मुळीच्या औषधी वापराविषयी आहे. सम्राटाच्या संधिवातावर ती दिली जात होती. पूर्वेकडून पोर्तुगीज जहाजांनी नेलेल्या याच मुळीवर गार्सिया द ओर्ता यानेही १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात लिहिले आहे.

१५४३ पासून तो सम्राटाचा व पुढे स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचा दरबारी वैद्य झाला. १५४४ मध्ये त्याचा विवाह झाला, एक कन्या झाली. ग्रंथाची सुधारलेली दुसरी आवृत्ती १५५५ मध्ये निघाली. १५५९ मध्ये तो स्पेनला गेला, आणि तेथे शवविच्छेदनाची सोय जवळजवळ संपली. दरबारातील ती वर्षे मला त्याच्या आयुष्यातील सर्वांत कोरडी वाटतात.

हाडांची रचना त्याने दाखवली. हाडे वाढतात कशी? मुलांच्या लांब हाडांची टोके मधल्या दांड्याला कूर्चेने जोडलेली असतात आणि प्रौढपणी ती एकजीव होतात, हे त्याने नोंदवले होते. परंतु त्या कूर्चेचे कार्य काय, हे त्याला कळले नाही. टेडिंग्टन गावच्या स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाळकाने १७२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक सुंदर प्रयोग सांगितला आहे. त्याने कोंबडीच्या वाढत्या पिलाच्या पायाच्या हाडाला दोन छिद्रे पाडली. दोन महिन्यांनी हाड पुष्कळ लांब झाले होते, पण दोन छिद्रांमधील अंतर तेवढेच राहिले होते. याचा अर्थ, हाड मधून ताणले जात नाही, टोकांपाशी वाढते. आज आपल्याला ठाऊक आहे की टोकांजवळच्या कूर्चेच्या पट्टीत नव्या पेशी रचल्या जातात आणि मागून त्यांची जागा हाड घेत जाते. तान्ह्या बाळाची सुमारे तीनशे हाडे व कूर्चेचे भाग जुळत जुळत प्रौढपणी २०६ होतात. गळ्याखालचे आडवे हाड गर्भात सर्वांत आधी कठीण होऊ लागते आणि त्याचे आतले टोक सर्वांत शेवटी, पंचविशीच्या आसपास, जुळते. हाड एकदा घडले की थांबत नाही. काही पेशी ते झिजवतात, काही नव्याने रचतात. गर्भिणीच्या उदरात हाडे कशी घडतात हे तुला कळत नाही, असा उपदेशकाच्या अकराव्या अध्यायाचा आशय आहे, आणि कोठे व केव्हा याची उत्तरे मिळाल्यावरही तो मला जुना झालेला वाटत नाही.

गर्भातील हाडांकडे व्हेसेलियसच्या पादुआतील आसनावर पुढे बसलेल्या गाब्रिएले फालोप्पियोने बारकाईने पाहिले. १५६१ मध्ये त्याने आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली, आणि त्यांत व्हेसेलियसच्या कित्येक चुका आदराने दाखवून दिल्या. ज्याने गेलनला सुधारले, त्याला आता दुसरा सुधारत होता. सिल्व्हियससारखे चिडणे सोपे होते. व्हेसेलियसने ते पुस्तक हर्षाने वाचले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्पेनहून दीर्घ उत्तर लिहिले. कोठे मान्य केले, कोठे वाद घातला. तपासून पाहायला मात्र जवळ शव नव्हते. उत्तर व्हेनिसच्या राजदूताबरोबर पाठवले. ते पोहोचण्यापूर्वी, १५६२ च्या ऑक्टोबरात, फालोप्पियो वारला.

१५६४ मध्ये व्हेसेलियस यरुशलेमच्या यात्रेला निघाला. जिवंत मनुष्य कापल्याच्या आरोपावरून त्याला ही यात्रा शिक्षा म्हणून करावी लागली, अशी कथा पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते. तिला विश्वसनीय आधार नाही. वाटेत व्हेनिसला थांबला असता फालोप्पियोला लिहिलेले ते उत्तर तेथे छापले गेले. पवित्र भूमीस जाऊन परतताना, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, ग्रीसजवळच्या झांटे बेटावर त्याला मृत्यू आला. वय पन्नासही नव्हते. त्याची कबर आज दाखवता येत नाही.

बासेलच्या शरीररचना संग्रहालयात मात्र एक सांगाडा अजून उभा आहे. १५४३ च्या मे महिन्यात, ग्रंथाची छपाई चालू असता, याकोब कारर नावाच्या एका देहदंड झालेल्या मनुष्याच्या शवाचे व्हेसेलियसने तेथे सर्वांसमक्ष विच्छेदन केले आणि त्याची हाडे स्वतः जुळवून विद्यापीठाला दिली. त्या सांगाड्याच्या बरगड्या कोणीही मोजून पाहाव्या.